भीमेपलीकडे अकरा महिने: एका तडीपारीचा प्रकरण अभ्यास

सोलापूरहून विजयपूरकडे जाताना टाकळी मागे पडली की भीमा लागते. पुलाच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे धूळखेड, म्हणजे कर्नाटक. २०२३ च्या जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला तीन-चार दिवस उरले असताना, एका यंत्रमाग कामगाराला पोलिसांच्या गाडीतून या पुलावर आणलं आणि पलीकडे उतरवलं. कागदावर सही घेतली, गाडी वळली. त्याच्याजवळ एक पिशवी, मोबाइल आणि सातशे रुपये होते. पुढची दोन वर्षं सोलापूर शहर, सोलापूर जिल्हा आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा यांत पाऊल टाकायचं नाही, असा आदेश होता.

तडी म्हणजे काठ. काठापलीकडे घालवलेला तो तडीपार. बहुतेकांच्या बाबतीत हा शब्द नुसता शब्दच राहतो, याच्या बाबतीत मध्ये खरोखरच नदी होती.

मी त्याची वकील होते. त्याचं नाव, पेठ आणि ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं त्याचं कारण निकाल नाही. निकाल आमच्या बाजूने लागला. पण राज्यघटनेच्या कलम २१ मधलं जीविताचं आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचं संरक्षण नेमकं कुठवर पोचतं आणि कुठे थांबतं, हे मला पुस्तकांपेक्षा या एका फायलीत जास्त स्पष्ट दिसलं.

माणूस आणि त्याचे गुन्हे

वय एक्केचाळीस. पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यावर वीस-बावीस वर्षं माग चालवलेला. बायको घरी विड्या वळते, दोन मुली, म्हातारी आई. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, गल्लीत दोन्ही आणि वर थोडी उर्दू, असं सोलापूरच्या पूर्व भागातलं नेहमीचं घर.

तो गरीब गाय नाही, हे आधीच सांगते. तापट आहे. प्यायला की तोंड सुटतं आणि कधी कधी हातही. २०१९ मध्ये मजुरीवरून कारखान्यातल्या जॉबरशी, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्याशी, भांडण झालं, त्यात जॉबरच्या डोक्याला पट्टी लागून टाके पडले. २०२१ मध्ये पाण्यावरून. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्यात पुष्कळदा रात्री-अपरात्री. नळाला थेट मोटर लावली की पुढच्या घरांना थेंब मिळत नाही. त्या रात्री शेजाऱ्याने मोटर लावली, याने वायर तोडली, मग मारामारी. दोन्ही गुन्हे भारतीय दंड संहितेच्या ३२४ आणि ५०६ कलमांखाली नोंदले गेले. दोन्हीत दोषारोपपत्र दाखल झालं आणि पुढे काहीच झालं नाही. २०२२ उजाडलं तरी एकाही खटल्यात एकाही साक्षीदाराची साक्ष झालेली नव्हती.

२०२२ च्या ऑक्टोबरात त्याला नोटीस आली, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५९ खालची. याच अधिनियमाच्या कलम ५६ खाली, एखाद्याच्या वागण्याने लोकांच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका, भीती वाटत असेल, किंवा तो हिंसेच्या गुन्ह्यांत गुंतलेला असून त्याच्या धाकाने साक्षीदार उघडपणे बोलायला तयार नसतील, तर अधिकृत अधिकारी त्याला हद्दपार करू शकतो. कमाल मुदत दोन वर्षं. त्याआधी आरोपांचं साधारण स्वरूप लेखी कळवून म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. ती संधी म्हणजे ही नोटीस.

नोटिशीत दोन्ही गुन्ह्यांचे क्रमांक होते आणि दोन गोपनीय जबाबांचा उल्लेख होता, साक्षीदार ‘अ’ आणि साक्षीदार ‘ब’. दोघांनीही म्हटलेलं, हा इसम हत्यार दाखवून दमदाटी करतो, भीतीपोटी आम्ही तक्रार देत नाही. तारीख नाही, वेळ नाही, ठिकाण ‘परिसरात’.

इथे पहिली चूक झाली आणि ती आमच्या बाजूची. तो वकिलाकडे आलाच नाही. गल्लीत अर्ज लिहून देणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्याने अर्ध्या पानाचं उत्तर लिहून घेतलं: मी निर्दोष आहे, मला दोन मुली आहेत, दया करावी. पहिल्या सुनावणीला पाळी बदलून मिळाली नाही म्हणून गेला नाही. दुसरीला गेला आणि हात जोडून उभा राहिला. दयेचा अर्ज आणि बचाव यांतला फरक त्याला कुणी सांगितला नव्हता. पुढच्या सगळ्या लढाईचं मैदान त्याच अर्ध्या पानात आखलं गेलं, कारण वरच्या पायऱ्यांवर पहिला प्रश्न हाच येतो की हे मुद्दे तुम्ही तेव्हाच का मांडले नाहीत.

आदेश नऊ पानी होता. त्यात २०१६ चा तिसरा गुन्हा आला होता. त्या खटल्यातून तो २०१८ मध्ये निर्दोष सुटला होता आणि नोटिशीत त्या गुन्ह्याचा शब्दही नव्हता. उस्मानाबाद जिल्ह्यात त्याने कधी कुणाला शिवी दिल्याचीही नोंद नव्हती, तरी तो जिल्हा हद्दपारीत घातला होता. मुदत दोन वर्षं, म्हणजे कायद्याने देता येईल तेवढी सगळी. ती का, याबद्दल एकही वाक्य नव्हतं.

‘खेरीज’ या शब्दात काय काय मावतं

कलम २१ एका वाक्याचं आहे. कायद्याने ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाही व्यक्तीचं जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेतलं जाणार नाही. पक्षकारांना हे वाक्य वाचून दाखवलं की ते ‘हिरावून घेतलं जाणार नाही’ एवढंच ऐकतात. वकिलाला ‘खेरीज’ ऐकावं लागतं. संरक्षण आणि त्याची मर्यादा एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसलेली आहेत.

हे शब्द सहज आलेले नाहीत. घटनेच्या सुरुवातीच्या मसुद्यात अमेरिकी धर्तीची ‘उचित कायदेशीर प्रक्रिया’ होती. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटून आले. निवडून आलेल्या विधिमंडळाचे कायदे न्यायाधीशांनी असे तपासत बसणं लोकशाहीला धरून नाही, असं फ्रँकफर्टर यांचं मत होतं. पुढे मसुद्यात जपानच्या राज्यघटनेतली शब्दयोजना आली. बाबासाहेबांना यातली उणीव दिसत होती. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी संविधान सभेत कलम १५-अ मांडलं, तेच आजचं कलम २२. अटक झालेल्याला कारण सांगणं, वकिलाचा सल्ला घेऊ देणं, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं, या हमी त्यातून आल्या. २१ मधून जे निसटलं त्यातलं निदान काही २२ मध्ये बांधून ठेवायची ती धडपड होती.

सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये, खटल्याविना स्थानबद्ध केलेल्या गोपालन यांच्या प्रकरणात २१ चा अर्थ अगदी अरुंद लावला: कायदा असला आणि त्यातली पद्धत पाळली की झालं, पद्धत न्याय्य आहे का हे पाहायचं नाही. इथे आम्हा सोलापूरकरांना आठवावी अशी एक गोष्ट आहे. त्याच वर्षी आपल्या जुन्या मिलचं प्रकरणही सर्वोच्च न्यायालयात पोचलं होतं. ऑगस्ट १९४९ मध्ये मिल बंद पडली, जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचं व्यवस्थापन हातात घेतलं, आणि भागधारकांचा झगडा सुरू झाला. पहिल्या प्रयत्नात भागधारक हरले. पण डिसेंबर १९५३ मध्ये द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की हे भरपाईविना मालमत्ता हिरावून घेणं आहे आणि ते घटनेत बसत नाही. म्हणजे गिरणीतल्या भागभांडवलाला न्यायालयाने चार वर्षांत भरीव संरक्षण दिलं. तुरुंगात डांबलेल्या माणसाला तसं संरक्षण मिळायला १९७८ मधलं मनेका गांधी प्रकरण यावं लागलं, तेव्हा कुठे कार्यपद्धती ‘न्याय्य, वाजवी आणि रास्त’ असलीच पाहिजे हे ठरलं. मधल्या काळात १९७६ चा जबलपूर निकालही येऊन गेला होता, आणीबाणीत २१ साठी न्यायालयाचं दारच बंद करणारा. १९७८ च्याच चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला आणि आणीबाणीतसुद्धा २० आणि २१ ही कलमं स्थगित करता येणार नाहीत असं लिहिलं. एकाच दुरुस्तीत दोघांच्या जागा बदलल्या. मला ती दुरुस्ती फार मोलाची वाटते.

तडीपारीची वाट मात्र या सगळ्याला वळसा घालून जाते. १९५२ मध्ये गुरबचनसिंग, १९५६ मध्ये हरी खेमू गवळी, दोन्हींत मुंबईतल्या हद्दपारीच्या तरतुदी वैध ठरल्या. दुसऱ्या निकालात न्यायमूर्ती जगन्नाथदास यांचं मत वेगळं पडलं होतं. १९७२ मध्ये पंढरीनाथ रांगणेकर प्रकरणात न्यायालय म्हणालं की हद्दपाराला साक्षीदारांची नावं, घटनेचे बारकावे द्यायची गरज नाही. ते दिले तर ज्यांच्या भीतीसाठी हा कायदा केला तेच उघडे पडतील. आरोपांचं साधारण स्वरूप पुरे.

त्यामागचं कारण मला पटतं. त्याचा परिणाम मात्र पाहा. एखाद्याला एमपीडीए, म्हणजे १९८१ च्या धोकादायक व्यक्तींविषयीच्या कायद्याखाली स्थानबद्ध केलं, तर त्याला पाच दिवसांत कारणं द्यावी लागतात, प्रकरण सल्लागार मंडळापुढे जावं लागतं, आणि त्याच्या घरचे थेट देहोपस्थिती (हेबियस कॉर्पस) याचिका करतात. तडीपाराला यातलं काही नाही. तो तुरुंगात नाही, मोकळा आहे, म्हणून त्याची निकडही कमी समजली जाते. फक्त त्याचं घर, त्याचा माग आणि त्याची माणसं ज्या मुलखात आहेत तेवढाच मुलूख त्याला बंद असतो.

सोलापुरात हे नवं नाही. सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव आजही रिक्षावाल्याला सांगितलं की तो नेऊन सोडतो. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात ठेवलेल्या, हजेरी लावलेल्या लोकांची ती खूण. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. खटल्याआधीच माणसाला त्याच्या ‘लौकिका’वरून बांधायची सवय कायद्याबरोबर गेली असं मी म्हणू शकत नाही.

अकरा महिने

पुलापलीकडे उतरल्यावर तो पहिले दोन दिवस इंडीत एका लांबच्या नातेवाइकाकडे राहिला. १२ जानेवारीला तिथूनच त्याने मला पहिला फोन केला. त्या दिवशी सोलापूर चार हुतात्म्यांना अभिवादन करत होतं. १९३० मध्ये या शहरावर मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिलं. मी पुतळ्यांसमोरच्या गर्दीत उभी होते. फोनवर तो विचारत होता, “मॅडम, यात्रेला एक दिवस तरी येता येतंय का?”

येता येत नव्हतं. अधिकाऱ्याकडून तात्पुरत्या प्रवेशाची परवानगी मिळू शकते, पण यात्रा हे कारण चालण्यासारखं नव्हतं.

आठवड्याभरात तो इचलकरंजीला गेला. माग म्हणजे माग, काम मिळेल, असं त्याला वाटलं. काम मिळालं, पण आयुष्य टॉवेल विणण्यात गेलेलं. तिथे साध्या कापडाचे माग, वेगळा वेग, वेगळी मोजणी. पहिले दोन महिने नवख्याची मजुरी. खोलीचं भाडं, खाणावळ आणि दर आठवड्याला तिथल्या पोलीस ठाण्यात पत्ता कळवायला जाणं. घरी पैसे पाठवणं एप्रिलपर्यंत जमलंच नाही. विड्यांच्या मजुरीवर चार माणसं जगली. मोठ्या मुलीची शिकवणी बंद झाली. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, हे ओल्गा टेलिस निकालात १९८५ मध्येच सांगितलं गेलंय. कायद्याने, वाजवी पद्धतीने उपजीविका हिरावता येते हेही त्याच निकालात आहे.

आदेशात एक अपवाद होता. न्यायालयात तारीख असेल तर पोलिसांना आधी कळवून यायचं, काम संपलं की लगेच निघायचं. म्हणजे आपल्या गावात येण्याची त्याला एकच वाट उरली होती, आरोपी म्हणून येण्याची.

तारखेच्या दिवशी बायको न्यायालयाच्या आवारात डबा घेऊन यायची. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कधी अंडी. झाडाखाली बसून चौघं जेवायची. सासूला रिक्षाने आणणं परवडत नसे, म्हणून ती दोनदाच आली. एरवी तारखा लांबल्या की पक्षकार वैतागतात. हा मला म्हणायचा, “मॅडम, लांबची तारीख नका घेऊ. तारीख असली की गावात येता येतंय.” वकिलीच्या इतक्या वर्षांत जवळची तारीख या कारणासाठी कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

जुलैमध्ये २०१९ च्या खटल्यात तो निर्दोष सुटला. जॉबरने साक्षीत कुणी मारलं ते सांगता येत नाही म्हटलं. दोघांचं केव्हाच मिटलं होतं. मी आनंदाने फोन केला. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मग आता एकाच केसची तारीख राहिली की.” त्या खटल्याच्या तारखा दोन-दोन महिन्यांनी पडत होत्या.

आदेशाविरुद्ध तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. ते आम्ही मुदतीत केलं. मे अखेरीस फेटाळलं गेलं, कारणं दीड पानात. मग उच्च न्यायालयात फौजदारी रिट याचिका. तेव्हा सोलापूरकराला त्यासाठी मुंबईच होती. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, पहाटे दादर, दिवसभर न्यायालयात, रात्री तीच गाडी परत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि आपला जिल्हा त्याला जोडला गेला. हक्काचं दार किती मैलांवर आहे ही घटनेची बाब नाही असं कुणी म्हणेल. विड्या वळून तिकिटाचे पैसे काढणाऱ्या घराला विचारा.

याचिकेत माझे मुद्दे फार नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये दीपक डोंगरे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वाट बरीच मोकळी केली होती. जालन्याच्या त्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की हद्दपारी हा असाधारण उपाय आहे, तो फिरण्याच्या मूलभूत स्वातंत्र्यावर घाव घालतो, माणसाला स्वतःच्या घरात कुटुंबासोबत राहू देत नाही, प्रसंगी पोटावर पाय आणतो. म्हणून तो क्वचितच वापरायचा, आणि कमाल दोन वर्षं द्यायची तर ती का, हे आदेशात दिसलं पाहिजे. आमच्या आदेशात ते नव्हतं. नोटिशीबाहेरचा गुन्हा वापरलेला होता. शेजारचा जिल्हा कारणाशिवाय जोडलेला होता. आणि दोन्ही गोपनीय जबाब ओळीला ओळ सारखे होते, एके ठिकाणी शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच.

सरकारी बाजूने उत्तर दाखल करायला तीनदा मुदत घेतली गेली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आदेश रद्द झाला. युक्तिवाद वीस मिनिटांचा. चोवीस महिन्यांपैकी अकरा भोगून झाले होते.

गल्लीतली दुसरी बाजू

प्रकरण इथेच संपवलं तर ते अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

तो परत आल्यावर महिनाभराने मी त्याच्या घरी काही कागदांसाठी गेले होते. निघताना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पाण्याची बाटली घेतली. दुकान चालवणाऱ्या अक्का साठीच्या असतील. मी कोण हे त्यांना ठाऊक होतं. पैसे घेताना त्या म्हणाल्या, “तुमचा माणूस आला परत. मागचं वर्षभर मी रात्री दहापर्यंत दुकान उघडं ठेवत होते.”

एवढंच. त्या साक्षीदार ‘अ’ होत्या का, ‘ब’ होत्या का, की दोन्ही नव्हत्या, मी विचारलं नाही. विचारायचा मला अधिकारही नव्हता. पण ते वाक्य घरी येईपर्यंत माझ्याबरोबर आलं. सारख्या शुद्धलेखनाच्या चुकीवर मी न्यायालयात जोर दिला होता आणि तो रास्त होता. जबाब ठाण्यात बसून एकाने लिहिले असतील. पण त्यामागची भीती खोटीच होती असं मी आता छातीठोकपणे सांगू शकत नाही.

अक्कांनाही कलम २१ आहेच. रात्री निर्धास्त दुकान उघडं ठेवता येणं हेही जीवितच. मात्र हे कलम मुळात राज्यसंस्थेला बांधण्यासाठी लिहिलं गेलं, शेजाऱ्याला नव्हे. ३ जानेवारी २०२३ ला, म्हणजे माझ्या पक्षकाराला पुलावर नेलं त्याच महिन्यात, सर्वोच्च न्यायालयाने कौशल किशोर प्रकरणात बहुमताने सांगितलं की १९ आणि २१ खालचे हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतील, आणि दुसऱ्याकडून धोका असेल तेव्हा माणसाचं रक्षण करणं हे राज्याचं कर्तव्य आहे. निकाल मोठा आहे. पण अक्कांसाठी त्याचा रोजचा अर्थ काय? त्यांना पुन्हा त्याच ठाण्यात जायचं आहे आणि तिथून काय होईल याचा त्यांना अनुभव आहे.

माझा आक्षेप नेमका इथे आहे, आणि तो मी ठामपणे मांडते. २०२१ च्या मारामारीचा खटला वर्षभरात चालवला असता, साक्षीदार घाबरत असतील तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेतून त्यांना आधार दिला असता, तर न्यायालयाने दोन्ही बाजू ऐकून त्याला दोषी ठरवलं असतं किंवा सोडलं असतं. दोषी ठरला असता तर शिक्षा भोगली असती, आणि ती कायद्याने ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीनेच झाली असती. अक्कांना उत्तर मिळालं असतं, त्यालाही मिळालं असतं. खटला जागचा हलवायचा सोडून माणूस नदीपलीकडे हलवला गेला. त्याचं स्वातंत्र्य अकरा महिने गेलं, अक्कांना अकरा महिने निवांतपणा मिळाला, आणि मूळ प्रश्न होता तिथेच राहिला. १९८० मध्ये दिल्लीच्या प्रेमचंद पाणीवाल्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हद्दपारीच्या अधिकाराकडे सावधपणे पाहायला सांगितलं होतं. पोलिसांसाठी वर्षानुवर्षं साक्षी देत आलेल्या माणसाने नकार देताच त्याच्यावरच हद्दपारी आणली जात होती. आमच्या प्रकरणात असा कुणाचा वाईट हेतू मला दिसला नाही. सोपी वाट दिसली म्हणून ती धरली गेली, इतकंच, आणि तेवढ्याने पुरेसं नुकसान झालं.

निकालानंतर

रद्द झालेला आदेश काहीच परत देत नाही. बेकायदा कैदेत ठेवलेल्याला सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दिल्याचं १९८३ चं रुदुल शाह प्रकरण मी त्याला समजावून सांगितलं, वेगळी मागणी करून पाहू का विचारलं. तो नको म्हणाला. पुन्हा पोलिसांच्या डोळ्यावर यायचं नाही.

कारखान्यातला त्याचा माग दुसऱ्याला गेला होता. मालकाने दीड महिन्याने दुसऱ्या पाळीत घेतलं, रात्रीच्या. मुलीची शिकवणी पुढच्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाली. २०२१ चा खटला मी हे लिहीत असताना साक्षीपुराव्याला लागला आहे. शेजारी साक्ष देऊन गेला, डॉक्टरांची बाकी आहे.

त्याने मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: परत नोटीस येईल का? मी खरं ते सांगितलं. त्याच जुन्या गुन्ह्यांवर येणं कठीण आहे, नवीन काही घडलं तर येऊ शकते, आणि आली तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं, अर्ज लिहिणाऱ्याकडे नाही. त्याने नोटिशीची झेरॉक्स घडी घालून पाकिटात ठेवली आहे.

पाणी येतं त्या रात्री तो आता घराबाहेर पडत नाही. घागरी घेऊन मोठी मुलगी जाते, आणि ती परत येईपर्यंत तो दाराच्या आत उभा राहतो.